चाळीस वर्षं जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट: नक्की काय तपासायचं?

तळमजला

ठाण्यात १९८६ साली बांधलेल्या सोसायटीतला वन बीएचके घ्यायचा विचार आहे. तळ + ४, लिफ्ट नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, कार्पेट ४८० फूट. भिंतींना नुकताच रंग दिलाय, हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे. मीटरपासून आतपर्यंतचं वायरिंग मूळचंच, नळाचे पाईप जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) आणि भिंतीत गाडलेले, संडास-बाथरूमच्या फरश्या दहाएक वर्षांपूर्वी बदललेल्या. 'स्ट्रक्चरल ऑडिट झालंय, काळजी नको' असं सेक्रेटरी सांगतात. भाव आसपासच्या नव्या इमारतींपेक्षा बराच कमी आहे. टोकन देण्याआधी काय बघावं आणि दुरुस्तीचे किती धरून भाव पाडावा, जाणकारांनी सांगावं.

खडी_वाळू

आधी एक विभागणी करून घ्या. वायरिंग, आतले नळ, फरशी, खिडक्या या गोष्टी पैसे टाकले की तुम्ही एकटे बदलू शकता. कॉलम, बीम, स्लॅब, गच्ची, डक्टमधले (पाईप नेण्यासाठीच्या उभ्या पोकळीतले) उभे पाईप आणि पाण्याच्या टाक्या तुमच्या एकट्याच्या हातात नाहीत. तिथे सोसायटीची तिजोरी आणि सभासदांची एकी लागते. पहिल्या प्रकारातलं सगळं खराब असलं तरी व्यवहार होऊ शकतो, भाव तेवढा खाली आणायचा. दुसऱ्यात गडबड असेल तर स्वस्त फ्लॅटसुद्धा महागच.

'ऑडिट झालंय' या वाक्याला काही किंमत नाही. पूर्ण अहवाल मागा, शेवटचं एक पानी सर्टिफिकेट नको. मॉडेल उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं, म्हणजे अहवाल ताजा असायला हवा. त्यात इमारतीचा वर्ग बघा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. चाळीशीच्या इमारतीला सी-२बी मिळणं नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. सी-२बी मिळाल्यावर सोसायटीने पुढे काय केलं, ते विचारा.

मग चाचण्यांची पानं उघडा. नुसता रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कडकपणा बघणारा हातोडा) मारून केलेलं ऑडिट म्हणजे डॉक्टरने शर्टावरून नाडी बघण्यासारखं आहे. अल्ट्रासॉनिकचे, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते त्याचे, आकडे असतील तर सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर ठीक, ३ च्या खाली काँक्रीट संशयास्पद. हाफ-सेलचं, म्हणजे सळईच्या विद्युत-दाबाचं, रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं असेल तर तिथली सळई गंजण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात, उणे २०० च्या अलीकडे असेल तर निर्धास्त. कार्बोनेशनच्या (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कलीपणा जाण्याच्या) चाचणीत ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन मारतात. गुलाबी झालं तर काँक्रीटमध्ये सळईला सांभाळणारा अल्कलीपणा शिल्लक आहे, रंग आला नाही तर संपला. रंग न येणारी खोली सळईवरच्या कव्हरइतकी, म्हणजे तिच्यावरच्या काँक्रीटच्या थराइतकी, झाली असेल तर आज भेग दिसो न दिसो, सळईचं संरक्षण गेलेलं असतं, ओल मिळाली की गंज धरतो.

त्या काळच्या इमारतींबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आरसीसीला (सळ्या घातलेल्या काँक्रीटला) तेव्हा एम-१५ काँक्रीट चालायचं (आकडा जेवढा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत), २००० सालच्या कोडने किमान एम-२० केलं. सळ्या टॉरच्या, म्हणजे थंड अवस्थेत पीळ दिलेल्या, आणि त्यांना गंज लवकर धरतो. त्यात स्लॅबचं कव्हर जेमतेम १५ मि.मी. आणि बाहेर खाडीची हवा.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा फ्लॅट सगळ्यात शेवटी बघा. आधी तळमजल्यावरचे कॉलम, विशेषतः टाकीखालचे आणि संडासाच्या डक्टला लागून असलेले. कॉलमच्या कोपऱ्यावर सरळ उभी भेग किंवा बीमच्या तळाला लांबीच्या दिशेने भेग दिसली तर आतली सळई फुगलेली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि कव्हर आतून ढकलून फोडतो. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली आडवी बारीक रेघ वेगळी. तिथे दोन मालांचं आकुंचन-प्रसरण वेगळं असतं म्हणून ती पडते. कोंबडी जाळी मारून प्लास्टर केलं की काम झालं.

रंगारी

नवा रंग दिसला की कोपरे बघा. ओल दडपायची असेल तर खालच्या दीड-दोन फुटांत पुट्टी जाड बसवलेली असते आणि हात फिरवला की भिंतीला पोट आल्यासारखं लागतं. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर फर्निचर का टेकवलंय, तेही सरकवून बघा. पीओपीला एखादी ट्रॅपडोअर असतेच, नसेल तर मालकाला एक लाइट काढायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च आत घाला. काळ्या पट्ट्या, लोंबणारे पोपडे किंवा उघडी जाळी दिसली तर फॉल्स सीलिंग शोभेसाठी लावलेलं नाही.

आणि रुपयाच्या नाण्याने छत, छज्जे ठोकून बघा. पोकळ आवाज ओळखायला इंजिनिअर लागत नाही.

खडी_वाळू

+१. पंख्याचा हूकही तेव्हाच बघून घ्या. तो स्लॅबच्या सळईला अडकवलेला असतो, तिथेच कंड्युटच्या (वायरच्या नळीच्या) बॉक्समध्ये बाष्प साचतं, त्यामुळे हूक मुळाशी गंजून बारीक होत जातो. झुंबर-बिंबर लावायच्या आधी ही खात्री हवी.

मेगर

वायरिंगबद्दल. १९८६ चं मूळ वायरिंग असेल तर 'दुरुस्ती' हा पर्याय डोक्यातून काढा. वन बीएचकेचं पूर्ण रीवायरिंग धरूनच भाव बोला.

मीटर बोर्डवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर त्यातली तार बघा. वारंवार उडू नये म्हणून कोणीतरी जाड तार गुंडाळलेली असते. म्हणजे फ्यूज कधीच उडणार नाही, आधी भिंतीतली वायर जळेल. वायर ॲल्युमिनियमची निघाली तर स्विचच्या स्क्रूखाली ती दबत जाते, सैल होते, ठिणगी पडते. तिला तांब्याची वायर पीळ देऊन टेप मारून जोडलेली असेल तर तो सांधा सगळ्यात आधी तापतो. गीझरच्या प्लगाची पट्टी तपकिरी पडलीय का बघा.

लाइट बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. जुन्या कनेक्शनला एक-दोन किलोवॅट असतो. दीड टनी एसी दीड-पावणेदोन, गीझर दोन, इंडक्शन दोन, ओव्हन सव्वा. यातल्या दोन-तीन गोष्टी कधीतरी एकत्र चालणारच. पाच किलोवॅटच्या आसपास मंजूर करून घ्या. पण त्याआधी मीटर रूममधून वर येणारी केबल बघा. तीच जुनी चार एमएमची (वायरीत एमएम म्हणजे चौरस मि.मी.) असेल तर आत कितीही चांगलं वायरिंग केलं तरी उपयोग नाही. मीटरपासून फ्लॅटपर्यंत तांब्याची दहा एमएम ओढून घ्या. डक्टमधून जायला सोसायटीची परवानगी लागते, ती एनओसीबरोबरच मागून घ्यावी.

आत लाइट-पंख्याला दीड एमएम, सोळा अँपिअरच्या प्लगला अडीच, एसी आणि गीझरला स्वतंत्र चार. स्वयंपाकघराला दोन वेगळी सर्किटं, कारण इंडक्शन आणि ओव्हन शेजारीशेजारी चालतात. ४८० फुटांच्या घराला ९० मीटरची दीडची चार बंडलं, अडीचची दोन-तीन, चारची एक किंवा दोन, अर्थिंगला हिरवी वेगळी. वायरमनचा अंदाज याच्या दुप्पट आला तर पॉइंट मोजून घ्या. डीबीत (घरातल्या वितरण पेटीत) मेन डीपी एमसीबी (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्वयंचलित स्विच), मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा), मग एकेका सर्किटचे एमसीबी.

जुन्या लोखंडी कंड्युटमधून नवी वायर ओढायचा आग्रह धरू नका. आतून गंजून खरखरीत झालेल्या नळीत वायरचं आवरण सोलवटतं. नवी २५ एमएमची पीव्हीसी नळी घालायची तर झिरी विटांच्या भिंतीत मारायची, तीही उभी. कॉलम, बीम, स्लॅबला कटर लावू द्यायचा नाही. जिथे जागाच नाही तिथे केसिंग-कॅपिंग (भिंतीवरून जाणारी झाकणाची पट्टी) करा. दिसायला बरं नसलं तरी बीम शाबूत राहतो.

तळमजला

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. सगळीकडे तीन पिनांचे सॉकेट आहेत, म्हणजे अर्थिंग आहे असं धरायचं का? वायरमन म्हणाला मीटरने २३० दाखवलं.

मेगर

नाही धरायचं. त्या तिसऱ्या भोकामागे तीन गोष्टी असू शकतात: खरी अर्थ, काहीच नाही, किंवा मागच्या मागे न्यूट्रलला मारलेली उडी. तिसरी सगळ्यात वाईट. कुठेतरी न्यूट्रल तुटला की फ्रीज-वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट करंट येतो.

मल्टिमीटर करंट जवळपास घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या, नावापुरत्या अर्थवरही तो २३० दाखवतो. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावून बघायला सांगा. वायरमननेच करावं, स्वतः नको. लखलखीत पेटला तर अर्थमध्ये दम आहे, पण न्यूट्रलची उडी असली तरी तो तसाच पेटतो, म्हणून सॉकेट उघडून तेही बघायला सांगा. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर सोसायटीच्या अर्थ पिटपासून शोध घ्यावा लागेल. बऱ्याच सोसायट्यांत तो पिट पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेलेला असतो. रीवायरिंग झाल्यावर ५०० व्होल्टचा मेगर (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) मारून घ्या, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. नव्या वायरिंगला एक मेगओहमच्या बरंच वर यायला हवं.

अजून एक. नवा आरसीसीबी बसवला की तो उगाच उडतो अशी तक्रार येते आणि वायरमन तो बायपास करून देतो. तो उगाच उडत नसतो. एक तर ओल्या भिंतीत न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो, नाहीतर जिन्यातल्या दिव्याचा फेज तुमच्या घरातून आणि न्यूट्रल बाहेरून घेतलेला असतो. जुन्या इमारतीत दुसरी भानगड सर्रास सापडते. ते शोधून सोडवा, बायपास करू देऊ नका.

नळकोंडाळं

जीआयचे गाडलेले पाईप ४० वर्षांचे असतील तर अर्ध्या इंचाच्या नळीत पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं असू शकतं. तपासायला दोन गोष्टी. सकाळी पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या, तांबूस आलं तर आतून पाईप सुटतोय. मग बाथरूमचा नळ पूर्ण उघडा आणि किचनचा उघडा. पहिल्याची धार मेली तर लाइन चोक आहे. टाकी गच्चीवर आणि तुम्ही तिसऱ्यावर, म्हणजे वर फक्त एक मजला. टाकीचा तळ तुमच्या नळापेक्षा पाच-सहा मीटर वर असेल, त्यातून चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्या आसपास दाब मिळतो. त्यामुळे चोक लाइनचा त्रास तुम्हाला पहिल्या मजल्यापेक्षा जास्त. प्रेशर पंप हा त्यावर उपाय नाही, कुजलेल्या एल्बोवर (पाईपच्या कोपऱ्यातल्या जोडावर) दाब चढवला तर भिंतीत फुटतो.

'फक्त नळ बदलू' असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. जुना नळ पान्याने फिरवला की भिंतीतला एल्बो आट्यांवरून तुटतो आणि मग एक फरशी, दोन फरश्या, शेवटी अख्खी भिंत. एकदाच सगळं सीपीव्हीसीत (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाईपात) करा. मुख्य लाइन पाऊण इंच, फाटे अर्धा, नळाच्या तोंडाला पितळी आट्यांचे एल्बो. प्लास्टिकच्या आट्यांत धातूचा नळ घट्ट करायला गेलं की ते चिरतात. गीझरला थेट सीपीव्हीसी जोडू नका, मध्ये लवचीक धातूची नळी घ्या. फरशी लावायच्या आधी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने सहा किलो दाब चढवा आणि रात्रभर ठेवा. काटा खाली आला तर गळती शोधायची, मगच गवंडी बोलवायचा. प्लंबर 'काही गरज नाही' म्हणेल. गरज आहे.

डक्टमधले उभे ड्रेनेज पाईप बघायचे विसरू नका. बिडाचे आणि शिशाच्या जोडाचे असतील, किंवा सिमेंटचे. जोडातून पिंपळ उगवलेला दिसला तर मूळ आत गेलेलं आहे. नुसतं वरून छाटलेलं असेल तर पुन्हा येणार. हे काम सोसायटीचं, पण चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत एकाच वेळी करावं लागतं, म्हणून वर्षानुवर्षं पडून राहतं.

ओलावा

संडास-बाथरूमची फरशी दहा वर्षांपूर्वी बदललीय म्हणता, पण नुसती फरशी बदलली की खालपर्यंत गेले? जुन्या बांधणीत संडासाचा स्लॅब फूट-दीड फूट खाली घेतलेला असतो. त्यात ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारं सांडपाण्याचं भांडं) आणि पाईप, वर विटांचे तुकडे आणि कोबा (वरचा घट्ट थर). एकदा पाणी आत गेलं की ते सगळं भरण पाणी धरून बसतं आणि खालच्याच्या छतावर झिरपत राहतं. वरची फरशी बदलून ते कधीच थांबत नाही.

म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्यांकडे चहाला जा आणि त्यांचं बाथरूमचं छत बघा. एवढ्या एका भेटीतून जे कळतं ते अहवालात नसतं. खारे पांढरे डाग, ठिबकणारं पाणी धरायला टांगलेली बादली, ताडपत्री... आणि शेजाऱ्यांचा सूर. घरातल्या संडास-बाथरूमची गळती दुरुस्त करणं फ्लॅटधारकाचं काम आहे. गच्चीची, बाहेरच्या भिंतीची आणि सामाईक पाईपची गळती सोसायटीचं. म्हणजे फ्लॅटबरोबर ते भांडणही तुमच्या नावावर होतं.

फरशी न काढता वरून केमिकल मारून गॅरंटी देणारे खूप आहेत.

रंगारी

ओलावा, सरसकट नको म्हणायला. नुसत्या फरशीच्या सांध्यांतून पाणी जात असेल तर इपॉक्सी ग्राउटने खरंच थांबतं. खर्चही नगण्य.

ओलावा

मान्य, पण आधी निदान करा. नहाणीच्या ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी ४८ तास उभं करा, नळ न वापरता. खाली ओल वाढली तर दोष फरशीत. नाही वाढली, पण ट्रॅपमधून बादल्या ओतल्यावर वाढली, तर ड्रेनेजचा सांधा. दोन्हींत काही नाही आणि ओल चोवीस तास सारखीच, तर दाबाची लाइन फुटलीय. पहिल्या प्रकरणात ग्राउट चालेल, पुढच्या दोन्हींत फोडावंच लागेल.

फोडलं की भरण पूर्ण काढून स्लॅब उघडा करा, सळ्या बघा. पाईप स्लॅबमधून जातात तिथे न आकसणारा ग्राउट भरा. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाई, करा. काटकोनात लेप नेहमी चिरतो. मग पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, एकमेकांना आडवे, भिंतीवर फरशीच्या वर फूटभर, शॉवरच्या भागात पाच फूट. पुन्हा पाणी भरून भिंतीवर पातळीची खूण, ४८ तास. भरायला जुनं डेब्रिज वापरू नका, हलके ब्लॉक घाला.

खडी_वाळू

वजनाचा मुद्दा निघालाच आहे तर: जुन्या फरशीवर नवी फरशी चढवू नका. दोन इंच मसाला आणि टाइल म्हणजे चौरस मीटरला ११० किलोच्या आसपास. घराचा स्लॅब २०० किलो वापराच्या वजनाला धरतात, त्यातला अर्धा इथेच संपला. ४८० फुटांचे जवळपास ४५ चौरस मीटर, म्हणजे पाच टन नुसते फरशीचे. जुनी काढा, मगच नवी. गच्चीवर कोब्यावर कोबा चढवलाय का तेही बघा, साडेचार इंचांचा एक थर मीटरला २०० किलोचा असतो.

आणि सोसायटीने बीम-कॉलमची दुरुस्ती केली असेल तर कशी केली ते विचारा. नुसतं सिमेंट-वाळूने लेपलं असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत त्या पॅचच्या कडेने पुन्हा फुटतं. नव्या मसाल्यातली सळई सुरक्षित होते आणि गंज शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये सरकतो. योग्य काम म्हणजे टेकू लावून सळईच्या मागे २०-२५ मि.मी.पर्यंत फोडणं, तारेच्या ब्रशने चकचकीत करणं, झिजलेल्या सळईला जोड सळई, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर थराथराने. दुरुस्तीचं बिल मागा, त्यात पॉलिमरचे डबे आहेत का ते लगेच कळतं.

सातबारा

इंजिनिअरिंग झालं, आता वह्या. सोसायटीचा शेवटचा ऑडिटेड ताळेबंद मागा. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. १९८६ च्या बांधकाम खर्चावर हे आकडे आज हास्यास्पद निघतात. त्यामुळे मोठी दुरुस्ती निघाली की वर्गणी काढण्याशिवाय गत्यंतर नसतं. गेल्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचा. वर्गणी मंजूर झालीय पण वसुली बाकी आहे, हा प्रकार तिथेच सापडतो. मालकाने ती भरल्याची पावती घ्या, नाहीतर करारात 'ताब्याच्या तारखेपर्यंत मंजूर झालेल्या सर्व वर्गण्या विक्रेत्याच्या' असं स्पष्ट वाक्य टाका.

बाकी भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं (मानीव, म्हणजे डीम्ड, असेल तरी चालेल), भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), पहिल्या बिल्डरपासूनच्या सगळ्या करारांची नोंदलेली साखळी आणि त्या त्या वेळचं मुद्रांक शुल्क. हस्तांतरण प्रीमियम २५ हजारांच्या वर मागता येत नाही. कर्ज घेणार असाल तर बँकेचा व्हॅल्युअर इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो. ते कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी आलं तर मुदत कापली जाते किंवा कर्जच नाकारतात. टोकन देण्याआधी बँकेला विचारा.

गच्चीवरचा

एवढा कीस कशाला? अशी सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणारच. जसा आहे तसा घ्या आणि वाट बघा.

सातबारा

'जाणारच' यावर पैसे लावू नका. अभिहस्तांतरण झालंय का? रस्ता किती फुटी? वापरून उरलेला एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) किती? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती लागते. पण ठराव झाल्यापासून जागा रिकामी करेपर्यंत वर्षं जातात आणि तोवर तुम्हाला तिथेच राहायचं असतं.

उलट बिल्डरशी रीडेव्हलपमेंटचा विकास करार खरोखर नोंदवला गेला असेल तर घरात एक फरशीही बदलू नका. फक्त डीबी, आरसीसीबी आणि गीझर-एसीच्या लाइनी नव्या करा, तेवढं जिवाच्या सुरक्षेसाठी. मधल्या अवस्थेत, म्हणजे नुसत्या चर्चा चालू असताना, वायरिंग आणि एक बाथरूम करा आणि मॉड्युलर किचनचे पैसे बँकेत राहू द्या.

तळमजला

सेक्रेटरींनी अहवालाची प्रत द्यायला नकार दिलाय, 'सभासद झाल्यावर बघा' म्हणाले. मालक मात्र मदत करायला तयार आहेत.

सातबारा

मग मालकालाच सभासद म्हणून लेखी अर्ज करू दे, अहवाल आणि इतिवृत्ताच्या प्रतींसाठी, फी भरून. त्यांचा तो हक्क आहे. हातात प्रत येईपर्यंत टोकन नाही. ते थांबायला तयार नसतील तर टोकनच्या पावतीवर 'स्ट्रक्चरल अहवालात इमारतीचा वर्ग सी-३ किंवा सी-२बी यांपैकी नसल्यास पूर्ण रक्कम परत' असं लिहून सही घ्या.

खडी_वाळू

आणि प्रत मिळेपर्यंत तळमजल्यावरच्या कॉलमचे, टाकीखालच्या बीमचे आणि छज्जांचे फोटो इथे टाका. भेगेशेजारी मोजपट्टी धरून काढा, नुसत्या फोटोवरून भेग अर्धा मिलिमीटरची की तीनची हे कळत नाही.